इलेक्ट्रिक स्कूटर अडली तर: बॅटरी आणि फर्मवेअरचे दोष गावातच कसे ओळखावेत

विदर्भातील अनेक गावांपासून इलेक्ट्रिक स्कूटरचे सर्व्हिस सेंटर अजूनही दूर, जिल्ह्याच्या किंवा एखाद्या मोठ्या तालुक्याच्या ठिकाणी आहे. स्कूटर बंद पडली की ती मालवाहू ऑटोत टाकून तिथवर न्यावी लागते, त्यात भाड्याचे पैसे जातात आणि हंगामाच्या दिवसांत एक पूर्ण दिवसही जातो. आमच्या भागात असे अनेकदा पाहिले आहे की तिथे पोहोचल्यावर बॅटरी ठणठणीत निघते आणि दोष घरच्या सॉकेटचा, कमी व्होल्टेजचा किंवा अर्धवट राहिलेल्या अपडेटचा असतो. म्हणून स्कूटर गाडीत चढवण्याआधी घरीच काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे, हे नव्याने स्कूटर घेतलेल्यांसाठी येथे सविस्तर लिहीत आहे. क्रम महत्त्वाचा आहे: आधी वीज, मग चार्जर, मग स्कूटरची लहान बॅटरी व वायरिंग, त्यानंतर मुख्य बॅटरी आणि शेवटी फर्मवेअर, म्हणजे स्कूटरमधील इलेक्ट्रॉनिक भाग चालवणारा प्रोग्राम. बॅटरी हा स्कूटरमधील सर्वांत महागडा भाग असल्याने तिच्यावर संशय घेण्याआधी बाकीच्या साऱ्या शक्यता संपवाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

जवळ काय असावे

साधने फार लागत नाहीत. एक साधा डिजिटल मल्टिमीटर, फेज तपासण्याचा टेस्टर, कोरडे सुती कापड, टॉर्च, टायरमधील हवा मोजण्याचा गेज आणि एक वही एवढे पुरते. कागदपत्रांपैकी पुढील गोष्टी एका पाकिटात, आणि त्यांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा:

- खरेदीची पावती आणि आरसी (नोंदणी लागणारी स्कूटर असल्यास)
- वॉरंटी कार्ड. बॅटरीची आणि वाहनाची वॉरंटी बहुधा वेगवेगळी असते, त्यामुळे दोन्ही पाने हवीत
- बॅटरी, चार्जर आणि मोटर यांच्यावरील लेबलचे स्पष्ट फोटो, अनुक्रमांकांसह
- विमा पॉलिसी
- आजवरची सर्व जॉब कार्डे, म्हणजे सर्व्हिस सेंटरने केलेल्या कामाचे कागद
- कंपनीची माहितीपुस्तिका, विशेषतः त्रुटी-कोडचे पान

१. आधी धोक्याच्या खुणा पाहा

बॅटरीची पेटी फुगलेली दिसत असेल, गोडसर किंवा स्पिरिटसारखा वास येत असेल, फसफसण्याचा आवाज येत असेल, पांढरा धूर निघत असेल किंवा स्कूटर तासभर उभी राहूनही पेटीला हात लावता येत नसेल, तर पुढची कोणतीही तपासणी करू नका. सुरक्षितपणे हात पोहोचत असेल तर चार्जरचा मुख्य स्विच बंद करा, माणसे आणि गुरे दूर न्या आणि ११२ किंवा १०१ वर फोन करा. लिथियम-आयन बॅटरीचा धूर विषारी असतो आणि विझल्यासारखी वाटणारी बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, म्हणून ती परत घरात आणायची नाही.

आपल्याकडच्या घरांसाठी एक गोष्ट फार कळकळीने सांगायची आहे. दिवाळीनंतर भाव वाढण्याची वाट पाहत अनेक घरांत एखादी खोली किंवा छपरी कापसाने भरलेली असते, आणि बाजूलाच गुरांसाठी कुटार रचलेले असते. त्या जागी स्कूटर चार्जिंगला लावू नका, मग बॅटरी कितीही नवी असो. तसेच घरातून बाहेर पडायची जी एकमेव वाट आहे, तिच्यात रात्रभर चार्जिंग चालू ठेवू नका. दुचाकींच्या बॅटऱ्यांसाठी असलेल्या एआयएस-१५६ या मानकातील सुधारित सुरक्षा-अटी डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाल्या. त्यामुळे नंतरच्या बॅटऱ्या अधिक सुरक्षित झाल्या हे खरे आहे, पण कापसाला आग लागायला बोर्डमधील एक ठिणगीही पुरते.

२. लक्षण नोंदवा, मगच हात लावा

स्कूटर बंद-चालू करण्याआधी डिस्प्लेचा फोटो काढा, कारण पुन्हा चालू केल्यावर त्रुटी-कोड अनेकदा निघून जातो आणि सर्व्हिस सेंटरला सांगण्यासारखे हाती काहीच उरत नाही. तारीख, वेळ, चार्जची टक्केवारी, साधारण तापमान, स्कूटर चालू होती की चार्जिंगला होती, आणि त्याआधीच्या आठवड्यात कोणते अपडेट आले होते का, एवढे वहीत लिहा. कोडचे अर्थ प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, त्यामुळे दुसऱ्या कंपनीच्या स्कूटरवाल्याने सांगितलेल्या अर्थावर विसंबू नका.

३. घरची वीज तपासा

चार्जिंगच्या तक्रारींचे मूळ आपल्या भागात बहुधा इथेच सापडते, म्हणून या पायरीवर घाई करू नये.

घरगुती पुरवठ्याचे प्रमाण व्होल्टेज २३० आहे. मल्टिमीटर एसी व्होल्टच्या ६०० किंवा ७५० च्या स्थानावर ठेवा आणि ज्या सॉकेटवर चार्जर लावता त्याच सॉकेटवर फेज व न्यूट्रल यांच्यातील दाब, म्हणजेच व्होल्टेज, मोजा. तो एकदा दुपारी, एकदा रात्री नऊच्या सुमारास आणि एकदा पहाटे मोजा. मे महिन्यात रात्री घरोघरी कूलर चालू असताना शेवटच्या घरांपर्यंत येणारे व्होल्टेज बरेच खाली जाते, आणि तेच व्होल्टेज पहाटे सुधारते. तुमच्या चार्जरच्या लेबलवर तो किती ते किती व्होल्टपर्यंत चालतो हे छापलेले असते. मोजलेला आकडा त्या मर्यादेच्या खाली असेल तर चार्जर स्वतःहून थांबतो किंवा सुरू-बंद होत राहतो, आणि त्यात बॅटरीचा काहीही दोष नसतो. शिवाय व्होल्टेज कमी झाले की तेवढ्याच कामासाठी चार्जर जास्त विद्युतप्रवाह ओढतो: ७५० वॉटचा चार्जर २३० व्होल्टवर सुमारे ३.३ अँपिअर घेतो, तर १७० व्होल्टवर सुमारे ४.४ अँपिअर. सैल सॉकेट आणि बारीक वायर यांना ही वाढ सोसत नाही आणि प्लग काळा पडू लागतो.

आता अर्थिंग. फेज व अर्थ यांच्यातील दाब फेज व न्यूट्रल यांच्यातील दाबाएवढाच यायला हवा, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यातील दाब दोन-चार व्होल्टच्या आत हवा. अर्थच्या छिद्रावर काहीच आकडा येत नसेल, तर त्या सॉकेटला अर्थिंग नाही असे समजा. काही चार्जर अर्थिंग नसेल तर चार्जिंग सुरूच करत नाहीत, आणि मालक मात्र बॅटरी गेली असे धरून बसतो. अर्थिंगचा खड्डा असूनही उन्हाळ्यात काळी माती भेगाळून कोरडी झाल्यामुळे ते निकामी झालेले असू शकते. खड्ड्यात पाणी घालून पुन्हा मोजा आणि कायमचा उपाय परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. प्लगची तिसरी पिन काढून टाकून चार्जर लावणे हा उपाय नव्हे. अंगणात ओल्या पायाने स्कूटरला हात लावणाऱ्या मुलाच्या जिवाशी तो खेळ आहे.

मोजताना आकडा २६० च्या वर गेला किंवा दिवे अचानक फार प्रखर झाले, तर डीपीवरील किंवा खांबावरील न्यूट्रल सैल झाले असण्याची शक्यता आहे. अशा वेळी दाब ४०० च्या दिशेने चढू शकतो. घराचा मुख्य स्विच बंद करा आणि महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर किंवा लाईनमनला कळवा.

आणखी काही खबरदारी:

- चार्जरसाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र थ्री-पिन सॉकेट आणि स्वतंत्र एमसीबी (जास्त भार किंवा शॉर्ट झाल्यास आपोआप बंद होणारा स्विच) घ्या. कूलर आणि चार्जर एकाच एक्सटेन्शन बोर्डवर लावू नका.
- लाईन गेली की चार्जरचा स्विच बंद करा आणि लाईन आल्यावर पाच-दहा मिनिटांनी चालू करा. चार्जिंग मध्येच थांबल्याने लिथियम बॅटरीचे नुकसान होत नाही. लाईन परत येताना बसणाऱ्या झटक्याने मात्र चार्जर जळू शकतो.
- वावरातील पंपाच्या पेटीतून चार्जर जोडू नका. तिथे दोन फेजांमधील दाब ४०० च्या आसपास असतो, आणि शेतीच्या जोडणीवरील वीज दुसऱ्या कामाला वापरणे वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो.
- स्टॅबिलायझर घ्यायचा असेल तर तो चार्जरच्या वॉटच्या दुप्पट क्षमतेचा घ्या. टीव्हीसाठीचा लहान स्टॅबिलायझर चालत नाही.

४. चार्जर तपासा

वीज ठीक असेल तर चार्जर स्कूटरला न जोडता फक्त सॉकेटमध्ये लावा. दिवा लागतो का, पंखा फिरतो का, हे पाहा. दिवाच लागत नसेल तर दुसऱ्या घरातील चांगल्या सॉकेटवर लावून पाहा. त्यानंतर स्कूटरच्या बाजूचा कनेक्टर टॉर्चच्या उजेडात तपासा: पिन काळी पडली आहे का, वाकली आहे का, आत धूळ किंवा मुंग्यांचे घर आहे का. कोरड्या कापडाने पुसा. तेल, डिझेल किंवा पाणी आत जाऊ देऊ नका.

शेजाऱ्याचा चार्जर लावून पाहण्याचा मोह सर्वांनाच होतो. तो त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा असेल, लेबलवरील व्होल्ट आणि अँपिअर हुबेहूब जुळत असतील, तरच लावा. पिन बसली म्हणजे चार्जर चालतो असे नाही: ४८ व्होल्टच्या बॅटरीला ६० व्होल्टचा चार्जर लागला तर बॅटरीचा बचाव पूर्णपणे तिच्या आतील संरक्षक सर्किटवर अवलंबून राहतो. चार्जर चालू असताना त्याच्यावर कापड किंवा पोते टाकू नका, त्याला हवा लागते.

५. स्कूटर सुरूच होत नाही

डिस्प्लेवर काहीच दिसत नसेल तर आधी डिक्कीतील किंवा सीटखालील एमसीबी पाहा. खडबडीत पांदण रस्त्यावर त्याचा खटका खाली पडून तो बंद झालेला असू शकतो. तो एकदा वर करा. लगेच पुन्हा पडला तर पुन्हा पुन्हा वर करू नका, कारण कुठेतरी शॉर्ट आहे.

पुष्कळ स्कूटरमध्ये मुख्य बॅटरीशिवाय १२ व्होल्टची एक लहान बॅटरी असते. डिस्प्ले, कुलूप आणि मुख्य बॅटरी जोडणारा रिले तिच्यावर चालतात. ती उतरली तर मुख्य बॅटरी ९० टक्के भरलेली असूनही स्कूटर निर्जीव दिसते. मल्टिमीटर डीसीवर ठेवून तिचे व्होल्टेज मोजा: लेड-अॅसिड प्रकारातील बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२.६ च्या वर असते आणि ११.८ च्या खाली असेल तर ती उतरली आहे. ही बॅटरी बदलणे हे किरकोळ खर्चाचे काम आहे.

डिस्प्ले लागतो पण स्कूटर पुढे जात नसेल, तर साइड स्टँडचा सेन्सर चिखलाने अडकला आहे का आणि ब्रेक लिव्हर पूर्ण परत येतो का हे पाहा. दोन्हींपैकी एकाचाही संकेत अडला तरी मोटरला वीज मिळत नाही. धान्य साठवलेल्या घरात उंदीर वायरिंग कुरतडतात, तेव्हा सीटखाली टॉर्च मारून वायरींवर दातांच्या खुणा शोधा. अशा वायरीला स्वतः चिकटपट्टी लावून स्कूटर चालवू नका. मुख्य बॅटरीच्या जाड, बहुधा केशरी, वायरींना तर हातच लावू नका.

६. उन्हाळ्यातील अडवणूक हा बिघाड नसतो

चंद्रपूर, अकोला, वर्धा, नागपूर या पट्ट्यात मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते. बहुतेक लिथियम-आयन सेलना चार्जिंगसाठी ० ते ४५ अंश हा पट्टा दिलेला असतो. दुपारी उन्हात उभी असलेली आणि नुकतीच चालून आलेली स्कूटर सहज त्याच्या बाहेर जाते. मग बॅटरीवर लक्ष ठेवणारे सर्किट, म्हणजे बीएमएस, चार्जिंग नाकारते किंवा चालताना वेग कमी करते. हे त्याचे काम आहे. सावलीत तासभर उभी करा आणि पुन्हा लावा. चार्जिंग सुरू झाले तर तक्रार करण्यासारखे काही नाही.

त्या दिवसांत चार्जिंगची सर्वांत चांगली वेळ पहाटेची. हवा थंड असते, व्होल्टेज चांगले असते, आणि बॅटरी पूर्ण भरून तासन्‌तास उष्णतेत पडून राहत नाही. जास्त तापमान आणि पूर्ण चार्ज हे दोन्ही एकत्र आले की लिथियम बॅटरी वेगाने जुनी होते. आपल्या हवामानात बॅटरीचे आयुष्य राखायचे असेल तर याच एका सवयीचा उपयोग सर्वांत जास्त होतो. टिनाच्या छपराखाली स्कूटर उभी करत असाल तर वर तुराट्यांचा किंवा पऱ्हाटीचा थर घालण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण तो पेट घेतो. त्याऐवजी कडुलिंबाची सावली किंवा विटांची भिंत असलेली बाजू निवडा.

७. एकदम किंवा हळूहळू कमी झालेली रेंज

प्रथम टायरची हवा, ब्रेक घासतो का आणि मडगार्डमध्ये काळी माती भरली आहे का, हे पाहा. पावसाळ्यात चिकट मातीने चाक जड झाले की रेंज, म्हणजे एका पूर्ण चार्जवर मिळणारे अंतर, ठळकपणे घटते. दोघे बसून, पोते घेऊन, चढ्या रस्त्यावर मिळणारे अंतर जाहिरातीतील अंतराशी जुळणार नाही, कारण जाहिरातीतील आकडा ठरावीक चाचणीचा असतो.

दुसरी शक्यता टक्केवारी चुकीची दाखवण्याची. बीएमएस बॅटरीत किती वीज गेली आणि किती बाहेर आली याचा हिशेब ठेवते, आणि सतत अर्धवट चार्जिंग केले की त्या हिशेबात फरक साचत जातो. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीत हे अधिक घडते, कारण तिचे व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळपास स्थिर राहते. उपाय सोपा आहे: स्कूटर २० टक्क्यांच्या आसपास येऊ द्या, मग १०० टक्के करा, चार्जर स्वतः बंद होऊनही एक-दोन तास जोडलेला राहू द्या, म्हणजे सेलमधील समतोल पूर्ण होईल. दोन-तीन वेळा असे केल्यावर आकडा बहुधा ताळ्यावर येतो.

तरीही शंका असेल तर बॅटरीची खरी क्षमता घरच्या वीज मीटरवर मोजता येते, आणि सर्व्हिस सेंटरशी बोलताना या मोजणीइतका भक्कम पुरावा दुसरा नाही. स्कूटर २० टक्क्यांवर असताना घरातील बाकी सर्व उपकरणे बंद करा, मीटरचे वाचन फोटोत घ्या, १०० टक्के चार्ज करा आणि पुन्हा वाचन घ्या. चार्जरमध्ये साधारण १० ते १५ टक्के वीज उष्णतेत जाते, ती वजा करा. समजा बॅटरी ३ किलोवॅट-तासाची, म्हणजे ३ युनिटची आहे. ८० टक्के भरण्यासाठी तिला २.४ युनिट हवेत, म्हणजे मीटरवर सुमारे २.७ ते २.८ युनिट दिसायला हवेत. मीटरवर २ युनिटच चढले, तर बॅटरीत सुमारे १.७५ युनिट गेले आणि तिची एकूण क्षमता २.२ च्या आसपास उरली आहे. हा आकडा वॉरंटी कार्डावरील किमान क्षमतेच्या अटीशी ताडून पाहा. रात्रभर घर बंद ठेवणे शक्य नसेल तर वीज मोजणारा लहान प्लग-मीटर बाजारात मिळतो, तो वापरा.

लेड-अॅसिड बॅटऱ्यांची स्वस्त स्कूटर असेल तर तपासणी निराळी आहे. तिच्यात १२ व्होल्टच्या चार किंवा पाच बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात आणि एक खराब झाली की सर्वांची रेंज ओढली जाते. पूर्ण चार्ज करून काही तास ठेवा आणि प्रत्येकीचे व्होल्टेज वेगळे मोजा. इतरांपेक्षा अर्ध्या व्होल्टने किंवा अधिक मागे असलेली बॅटरी दोषी समजा. एकच नवी घातली तर जुन्या लवकरच तिलाही खराब करतात, म्हणून शक्यतो संच बदला.

८. दीर्घकाळ पडून राहिलेली स्कूटर

कुटुंब कामासाठी बाहेरगावी गेले आणि स्कूटर दोन-तीन महिने तशीच राहिली, तर बीएमएस आणि अलार्म यांच्या थोड्या-थोड्या वापरानेही बॅटरी खोलवर उतरते. मग चार्जर तिला ओळखतच नाही. अशा वेळी गावातील एखादा मेकॅनिक बीएमएस वगळून थेट वायरीने चार्ज करून देतो म्हणतो. त्याला स्पष्ट नकार द्या. फार खाली गेलेल्या सेलमध्ये तांबे विरघळून आतल्या आत शॉर्ट तयार होऊ शकतो, आणि तो सेल जबरदस्तीने भरला की नंतर कधीही पेटू शकतो. हे काम सर्व्हिस सेंटरचेच आहे. बाहेर जाण्याआधी चार्ज ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा, एमसीबी बंद करा आणि महिन्यातून एकदा कुणाला तरी चार्ज पाहायला सांगा.

९. फर्मवेअरचे प्रश्न

स्कूटरमध्ये एकच प्रोग्राम नसतो. डिस्प्लेचा वेगळा, मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरचा वेगळा आणि बीएमएसचा वेगळा असतो, आणि या सर्वांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळाव्या लागतात. डिस्प्ले कंपनीच्या चिन्हावर अडकणे, अॅप न जोडले जाणे, अपडेटनंतर रेंजचा आकडा उड्या मारणे, एखादा राइड मोड नाहीसा होणे, ब्रेक दाबल्यावर मिळणारी ओढ बदलणे ही फर्मवेअरची लक्षणे आहेत. चार्जरचा दिवा न लागणे, पिन जळणे किंवा ओझ्याखाली टक्केवारी एकदम कोसळणे ही बहुतेक वेळा तशी नसतात.

अपडेटपूर्वी: सेटिंगमधील आवृत्ती-क्रमांकाचा फोटो काढा. अपडेटमध्ये काय बदलले आहे ते वाचा. सुरक्षेचे अपडेट लगेच घ्यावे. बाकीच्यांसाठी चार-आठ दिवस थांबून त्याच मॉडेलच्या इतर मालकांचा अनुभव विचारणे शहाणपणाचे आहे. दुसऱ्या दिवशी परीक्षा, दवाखाना किंवा बाजार असेल तर आदल्या रात्री अपडेट मुळीच सुरू करू नका.

डाउनलोड: यासाठी नेटवर्क लागते आणि गावात ते एखाद्या ठरावीक जागीच नीट मिळते. स्कूटर तिथे नेऊन उभी करा, किंवा कंपनीने मुभा दिली असेल तर मोबाईलच्या हॉटस्पॉटवर जोडा. डाउनलोड मध्ये तुटले तर बहुधा पुन्हा सुरू होते, त्यात धोका नाही.

इन्स्टॉल: धोका इथे असतो. कंपनीने सांगितलेल्या किमान टक्केवारीपेक्षा चार्ज बराच जास्त असू द्या, स्कूटर मेन स्टँडवर लावा, चार्जरबाबत पुस्तिकेतील सूचना पाळा. मध्ये काही मिनिटे डिस्प्ले काळा पडला तरी किल्ली फिरवू नका आणि एमसीबीला हात लावू नका. अपडेटच्या वेळी लिहिला जात असलेला प्रोग्राम अर्धवट राहिला तर स्कूटर सुरूच न होण्याची शक्यता असते.

अडकली तर: किमान अर्धा तास काहीही न करता थांबा. अनेक वाहनांत जुना प्रोग्राम राखून ठेवलेला असतो आणि नवा नीट न बसल्यास वाहन स्वतःच त्याच्यावर परत जाते. त्यानंतर पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने रीस्टार्ट करा. त्यानेही झाले नाही तर, आणि इन्स्टॉलची पट्टी हलत नसल्याची खात्री करूनच, एमसीबी बंद करून दहा मिनिटे ठेवा आणि पुन्हा चालू करा. एवढ्यावर थांबा, पुढची पायरी सर्व्हिस सेंटरची.

अॅप जोडले जात नसेल तर स्कूटरच्या आधी मोबाईल तपासा: ब्लूटूथ आणि लोकेशनची परवानगी, अॅपची नवी आवृत्ती, मोबाईलमधील मोकळी जागा. जुनी जोडणी दोन्हीकडून काढून नव्याने जोडा.

अपडेट झाल्यावर बॅटरी एकदा पूर्ण चार्ज करा आणि रोजच्या ओळखीच्या रस्त्यावर चालवून पाहा. रेंज घटल्याचे वाटले तर वर सांगितलेली मीटरची मोजणी करा. मीटरवरील युनिट पूर्वीइतकेच असतील तर बॅटरी शाबूत असून फक्त दाखवण्याची पद्धत बदलली आहे. युनिटच कमी जात असतील तर नव्या फर्मवेअरने बॅटरीची वापरण्याजोगी मर्यादा आवळली आहे का, हे कंपनीला लेखी विचारा.

यातला सर्वांत मोठा सापळा म्हणजे व्हॉट्सअॅप किंवा टेलिग्रामवर फिरणाऱ्या फर्मवेअरच्या फाइली आणि वेग वाढवून देणारे मेकॅनिक. बीएमएसमधील मर्यादा बदलल्या की सेलचे संरक्षण संपते आणि वॉरंटीही जाते. कायद्याचा प्रश्न वेगळाच. ज्या स्कूटरना नोंदणी आणि परवाना लागत नाही, त्यांची सूट २५ किलोमीटर प्रति तास हा कमाल वेग आणि २५० वॉटची मोटर या मर्यादेवर टिकून आहे. वेग वाढवला की ती नोंदणी नसलेले, विमा नसलेले मोटार वाहन ठरते, आणि अपघात झाल्यास साऱ्याचा भार चालवणाऱ्यावर येतो.

१०. पावसाळा

बॅटरीच्या पेटीवर आयपी६७ लिहिले असले तरी ती चाचणी एक मीटर पाण्यात अर्धा तास एवढ्यापुरती आणि फक्त पेटीची असते. कनेक्टर आणि चार्जिंगचे तोंड त्यात धरलेले नसते. रपट्यावरून पाणी वाहत असताना स्कूटर घालू नका. पाण्यातून आलीच तर लगेच चार्जिंगला लावू नका, एक रात्र कोरड्या जागी उभी ठेवा. प्रेशर पंपाने कंट्रोलर आणि कनेक्टर धुवू नका.

११. सर्व्हिस सेंटरला जाताना

आधी फोन करा आणि तक्रार लेखीही पाठवा. मजकूर असा असावा: "नमस्कार. माझी स्कूटर दिनांक अमुक रोजी सकाळी चार्ज होत नाही. सॉकेटवर २२५ व्होल्ट आणि अर्थिंग ठीक आहे. चार्जरचा दिवा लागतो, स्कूटरला जोडल्यावर बंद होतो. १२ व्होल्टची बॅटरी १२.७ आहे. डिस्प्लेवरील कोडचा आणि फर्मवेअर आवृत्तीचा फोटो सोबत आहे. कृपया तक्रार क्रमांक द्यावा आणि तंत्रज्ञ गावात येऊ शकतो का हे कळवावे." असा मजकूर वाचल्यावर समोरच्याला कोणता भाग सोबत आणावा हे समजते आणि हेलपाटा वाचतो.

स्कूटर सोपवताना जॉब कार्डावर किलोमीटर, चार्जची टक्केवारी, फर्मवेअरची आवृत्ती आणि तुमच्याच शब्दांतील तक्रार लिहून घ्या. परत घेताना कोणता भाग बदलला, नव्या बॅटरीचा अनुक्रमांक काय आणि नवी आवृत्ती कोणती, हे त्याच कागदावर हवे. बॅटरी बदलली असेल तर तिची बीएमएस स्कूटरच्या फर्मवेअरशी जुळवली आहे का, हे तिथेच चालवून आणि चार्जर लावून पाहा. जुनी बॅटरी घरी आणून भंगारवाल्याला देऊ नका. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

वॉरंटीत असूनही टाळाटाळ झाली तर आधी कंपनीच्या ग्राहक तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा आणि मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर नोंद करा. तरीही मार्ग निघाला नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते, मग कंपनीचे कार्यालय कोणत्याही राज्यात असो. वस्तूसाठी दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क लागत नाही आणि वकील नेमणे सक्तीचे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते, म्हणून पहिल्या बिघाडाची तारीख असलेले जॉब कार्ड आणि डिस्प्लेचे फोटो तोवर जपून ठेवा.